शत्रूची साक्ष

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. बुडालेल्या युद्धनौका शोधायचं काम करायचं तू मनावर घेतलंयस, आणि सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी समुद्राचा तळ धुंडाळणारं यंत्र, चालवायला कुठे शिकावं असं विचारलंयस. सोनार जरूर शीक. पण त्याआधी ‘सिडनी’ या युद्धनौकेचा शोध कसा लागला ते मुळापासून वाच.

19 नोव्हेंबर 1941 रोजी ऑस्ट्रेलियाची ही क्रूझर पश्चिम किनाऱ्यापासून दूर एका व्यापारी जहाजाच्या अगदी जवळ गेली. ते जहाज डच असल्याची बतावणी करत होतं. प्रत्यक्षात तोफा झाकून फिरणारं ते जर्मन ‘कॉर्मोरान’ होतं. लढाईत दोन्ही जहाजं गेली. कॉर्मोरानवरचे तीनशेहून जास्त लोक वाचले. सिडनीवर 645 जण होते, त्यांतला एकही परतला नाही.

त्यामुळे काय घडलं हे सांगायला उरला फक्त शत्रू. कैदेतला कप्तान डेटमर्स आणि त्याची माणसं जागा सांगत होती: 26 अंश दक्षिण, 111 अंश पूर्व. पुष्कळांना ते पटलं नाही. एवढा गोल आकडा म्हणजे थापच, असं वाटलं. कोणी म्हणालं, यात जपानी पाणबुडी होती. असे तर्क पुढे कित्येक दशकं चालले. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना शत्रूवर विश्वास ठेवणं किती जड गेलं असेल, हे मी समजू शकतो. पण शोधणाऱ्याला आवडीनिवडीनं साक्षीदार निवडता येत नाहीत.

किम कर्स्नर आणि जॉन डन या दोन मानसशास्त्रज्ञांनी जे केलं ते मला या सगळ्या कथेत सर्वांत मोलाचं वाटतं. त्यांनी जर्मन खलाशांच्या जबान्या पुन्हा उघडल्या. कोणी एक जागा सांगत होता, कोणी दुसरी. काहींनी जागा स्वतः नकाशावर पाहिलेली नव्हती, फक्त कानावर आलेली होती. वरवर पाहता नुसता गोंधळ. पण ठरवून रचलेली गोष्ट असती तर सगळ्यांचं म्हणणं जुळलं असतं. खरी आठवण एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना जशी झिजते, तशाच या जबान्या विखुरलेल्या होत्या. त्या विखुरण्यावरून त्यांनी मूळ जागेचा अंदाज बांधला, आणि तो काही किलोमीटरच्या फरकानं बरोबर निघाला.

डेटमर्सनं कैदेत असताना एका जर्मन-इंग्रजी शब्दकोशात अक्षरांखाली पेन्सिलीनं बारीक ठिपके दिले होते. ती अक्षरं ओळीनं लावली की लढाईचा अहवाल तयार होतो. शोधमोहिमेचा प्रमुख डेव्हिड मर्न्स यानं तो शब्दकोश बारकाईनं अभ्यासला. कप्तानानं चौकशीत सांगितलेलं आणि गुपचूप लिहून ठेवलेलं एकमेकांशी जुळत होतं. फसवायचंच असतं, तर आपल्याच माणसांसाठी त्यानं तेच कशाला लिहिलं असतं?

मग मार्च 2008 मध्ये जहाजामागे लांबलचक केबलवर सोनार ओढत शोध सुरू झाला. 12 तारखेला कॉर्मोरान सापडलं, त्या गोल आकड्यापासून फार लांब नाही. चार दिवसांनी सिडनी, सुमारे 2,470 मीटर खोल. नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, भाग मुख्य सांगाड्यापासून तुटून वेगळा पडलेला.

नंतर कॅमेरे खाली गेले. तोफांचे बुरूज, गोळ्यांनी पडलेली भोकं हे सगळं दिसलंच, पण विखुरलेल्या अवशेषांत बूटही दिसले. ते फोटो जरूर बघ. तिथली कुठलीही वस्तू वर आणायची नसते. कायद्यानंही ती जागा संरक्षित आहे. ज्यांच्या घरी कधी पार्थिव आलं नाही, त्यांना निदान ठिकाण तरी कळलं, एवढंच या कामाचं फळ, आणि मला ते फार मोठं वाटतं.

सिडनीचा एकच खलाशी सापडला. फेब्रुवारी 1942 मध्ये एका तराफ्यावर त्याचा मृतदेह ख्रिसमस बेटापाशी वाहत आला. तिथं त्याला पुरलं, पण नाव कळायला 2021 उजाडलं. डीएनएवरून ओळख पटली: थॉमस वेल्स्बी क्लार्क.

तेव्हा सोनारच्या जोडीला जर्मन किंवा जपानी शिकायला आत्ताच लाग. आणि जुन्या नोंदी वाचताना वारा आणि प्रवाहाचे आकडे कंटाळवाणे म्हणून गाळू नकोस. होड्या आणि तराफे कुठून वाहत आले असतील, ते त्यांच्यावरूनच मागे मोजत जाता येतं. पुढच्या पत्रात कोणती भाषा निवडलीस ते कळव.

सस्नेह,
तुझे सर