गाडीबिडी : ॲव्हरेज पडलं की आधी चाकं बघा

प्रश्न : नमस्कार दादा, माझी २००९ ची अल्टो आहे, पेट्रोल, फर्स्ट ओनर मीच. आधी १८ द्यायची, आता १३ वर आलीये. रोजचं चालवणं म्हणजे घर ते बाजार नि आठवड्यातून एकदा चिपळूण. मेकॅनिकने प्लग बदलले, इंजेक्टर क्लीन केले, टाकीत कसलीशी बाटली पण ओतली, फरक शून्य. आता म्हणतो इंजिन उतरवावं लागेल. गावात सगळे म्हणतात पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे होतंय. काय करू?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : इंजिन उतरवायला हो म्हणू नका, निदान आत्ता तरी नको. आधी इथेनॉलचं बघू. नीती आयोगाच्या २०२१ च्या रिपोर्टमधेच म्हटलंय की साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या नि १० टक्के इथेनॉलला ट्यून केलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज २० टक्केवाल्या पेट्रोलवर साधारण ६-७ टक्के पडतं. तुमच्या १८ मधून तेवढे काढले तर सव्वा किलोमीटर जातो, म्हणजे गाडी १७ च्या जवळपास यायला हवी होती. मग उरलेले चार किलोमीटर कोण खातंय? शंभर किलोमीटरला जवळपास दोन लिटर जास्त जातायत तुमचे, एवढं सगळं इथेनॉलच्या माथी मारता येत नाही.

माझा पहिला संशय ब्रेकवर. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गाडी रात्रंदिवस अंगणात उभी, खारी हवा, वर चार महिने पाऊस, ह्याने कॅलिपरच्या (पुढच्या चाकाची ब्रेकची डिस्क चिमटीत धरणारा भाग) पिना गंजतात, मागच्या ड्रममधे शूज (आतून घासून ब्रेक लावणारे पट्टे) चिकटतात, हँडब्रेकची केबल आतल्या आत जाम होते आणि लिव्हर खाली केला तरी मागचा ब्रेक थोडासा लागलेलाच राहतो. गाडी पळते, आवाज नाही, दिवा नाही, फक्त इंजिन बिचारं सतत ब्रेक ओढत असतं. आणि मेकॅनिक बॉनेट उघडून प्लग बघत बसतो, कारण गिऱ्हाईकाने तक्रार पेट्रोलची केलीये ना!

तपासणी घरीच होते. सपाट रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, हळू स्पीडमधे न्यूट्रल करून सोडा, गाडी आरामात घरंगळत गेली पाहिजे, कोणीतरी मागून धरल्यासारखी थांबली तर समजा. दुसरं म्हणजे दहा-पंधरा किलोमीटर चालवून या, शेवटी ब्रेक शक्य तेवढा कमी वापरून थांबा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. जवळच, लावायचा नाही, भाजेल. एकच चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं की चोर सापडला. मग जॅक लावून ते चाक हाताने फिरवून बघा (मागचं असेल तर हँडब्रेक सोडून, आणि पुढच्या चाकांना दगड लावल्याशिवाय जॅकला हात लावू नका). मागचं चाक मोकळं फिरायला हवं, पुढच्याला गिअरबॉक्सचा थोडा जडपणा असतोच, तो दोष नाही.

काम काय करून घ्यायचं तर कॅलिपरच्या पिना काढून साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावायचं, साधं चालत नाही, रबर फुगतं. पिनांची रबरी बूटं फाटली असतील तर बदला. ड्रम उघडून आतली लाल माती नि गंज साफ. हँडब्रेकची केबल अडकत असेल तर सरळ नवी, तेल सोडून चार दिवस चालेल फक्त. ह्यातलं काहीही इंजिन उतरवण्याच्या खर्चाच्या जवळपास पण जात नाही.

ब्रेक मोकळे निघाले तर पुढचा प्रश्न मेकॅनिकला विचारा : थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत त्याचं पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) जागेवर आहे का? आपल्याकडे गाडी कधी गरम झाली की थर्मोस्टॅट काढून फेकायची सवय आहे, "कोकणात कशाला लागतो" म्हणून. लागतो हो! तो नसला तर इंजिन तापायला खूप वेळ लागतो आणि थंड आहे तोवर कंप्युटर पेट्रोल जास्तच सोडत राहतो. तुमचं तर घर ते बाजार, म्हणजे इंजिन तापायच्या आत गाडी बंद. ह्या छोट्या फेऱ्यांमधे १८ कुठलीच जुनी गाडी देणार नाही, हे पण मान्य करायला हवं. दोन-तीन कामं एका फेरीत उरका किंवा बाजाराला सायकल काढा.

टायरची हवा महिन्याला एक-दोन पाउंड आपसूक कमी होते, त्यामुळे पंधरवड्याने, गाडी थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली भरायची. नायट्रोजनला पैसे द्यायची गरज नाही, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन फुकट असतो. चिरेखाणीच्या रस्त्याला जाणं-येणं असेल तर एअर फिल्टर लवकर बदला.

आणि हो, हे १३ मोजलंत कसं? पाचशेचं टाकून काटा बघून असेल तर सोडून द्या. टाकी ऑटो कट होईपर्यंत फुल, वर ठोकून भरायचं नाही, तीनेकशे किलोमीटर चालवा, परत त्याच पंपावर ऑटो कटपर्यंत भरा, किलोमीटर भागिले लिटर. असं दोनदा करा मगच आकडा धरा.

प्रश्न : दादा, कणकवलीहून कोल्हापूरला फोंडा घाटातनं नेहमी येणं-जाणं आहे, वॅगन आर २०१२. येताना घाट उतरताना मी न्यूट्रल टाकतो, मित्र तर इंजिनच बंद करतो, म्हणतो तेवढंच पेट्रोल वाचतं. बाबा म्हणतत "गाडी म्हातारी झाली, इकून टाक". कोण बरोबर?
– एक वाचक, कणकवली

उत्तर : बाबांचं नंतर बघू, तुम्ही दोघं मात्र चूक. तुमची गाडी इंजेक्शनची आहे, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते कंप्युटर ठरवतो. गिअरमधे ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण काढलात की उतारावर चाकंच इंजिन फिरवतात आणि कंप्युटर पेट्रोल बंद करतो, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) आयडलच्या, म्हणजे गाडी नुसती चालू उभी असतानाच्या जवळ आला की परत सुरू. न्यूट्रलमधे मात्र इंजिन स्वतःच्या जिवावर चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. म्हणजे वाचवायला गेलात नि जाळून आलात. शिवाय सगळा भार ब्रेकवर, वळणावळणाला दाबून दाबून ते तापतात आणि नेमके खालच्या वळणांवर पकडत नाहीत.

मित्राला जरा दमात घ्या. इंजिन बंद झालं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, पेडल दगडासारखं होतं, पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड. चावी उलटी फिरून स्टिअरिंग लॉक झालं तर पुढचं मी लिहीत नाही. उतरताना दुसरा किंवा तिसरा गिअर, जसा उतार तसा. चढताना मोठ्या गिअरमधे गाडी गुरगुरवत नेऊ नका, एक गिअर खाली घ्या. आरपीएम वाढतो पण गाडी वर जातेय त्याच स्पीडने नि इंजिन गुरगुरत नाही एवढं पुरे, क्लच मात्र चढावर अर्धा दाबून धरायचा नाही. उभं राहायचं तर हँडब्रेक.

बाबांना सांगा, पत्रा नि चॅसिस खालून गंजला नसेल तर विकायची घाई नको.

प्रश्न : आमची झेन गणपती नि मे महिना सोडला तर गावी दापोलीला उभीच असते. दरवेळी आल्यावर पहिले काही दिवस गाडी जड चालते, पेट्रोल पण पिते. उभी करताना काय काळजी घ्यावी?
– एक चाकरमानी, डोंबिवली

उत्तर : हँडब्रेक ओढून जाऊ नका, शूज ड्रमला चिकटतात, तेच पहिले काही दिवस ओढतं. पहिल्या गिअरमधे ठेवा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे तुकडे लावा. निघायच्या आधी खालून गोड्या पाण्याने धुऊन, थोडं चालवून ब्रेक सुकवून मग लावा. टायरमधे हवा दोन-चार पाउंड जास्त ठेवलीत तर चालेल, आल्यावर बरोबर करा. टाकी तळाला नेऊन ठेवू नका, रिकाम्या टाकीत दमट हवा जास्त, इथेनॉल पाणी ओढतं आणि जास्त झालं की पाणी-इथेनॉल तळाला वेगळं बसतं. भरून ठेवा, आणि शेजारच्या कोणी महिन्यातून एकदा पाच-सात किलोमीटर फिरवली तर फारच छान, नुसती जागेवर चालू करून बंद करण्याने बॅटरी पण धड चार्ज होत नाही.