सात वाजता तापमान किती?

वाचकांचे प्रश्न : गणित

प्रश्न : मी ज्युनिअर कॉलेजला अकरावी सायन्सला गणित शिकवते, दुसरंच वर्ष आहे. मुलं दहावीला नव्वदच्या वर मार्क घेऊन आलेली असतात पण फंक्शनचा धडा सुरू झाला की वर्ग एकदम गप्प. व्याख्या पाठ म्हणून दाखवतात, डोमेन रेंज, म्हणजे आत काय काय घालता येतं आणि बाहेर काय काय येतं, ते पण काढतात, आणि एफ( ) च्या कंसात अख्खं एक्स अधिक २ घालून काढा म्हटलं की एफ ऑफ एक्स लिहून त्यात सरळ २ मिळवतात. दोनदा शिकवून झालं. नक्की कुठून सुरुवात करू?
– एक शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : मॅडम, पहिल्यांदा हे सांगतो की मुलं ढ नाहीत आणि तुमचं शिकवणंही वाईट नाही. मुलं दहावीपर्यंत फक्त सूत्रं आणि समीकरणं बघत आलेली असतात, त्यामुळे फंक्शन म्हणजे एक्सचं एखादं सूत्र एवढंच त्यांच्या डोक्यात बसतं. मोठमोठ्या गणितज्ञांचंही तेच झालं होतं. ऑयलरनं १७४८ साली फंक्शनची व्याख्या केली ती सूत्राच्याच भाषेत, आणि सूत्र असो नसो, प्रत्येक एक्सला ठरलेला एकच वाय मिळाला की झालं, हे डिरिक्लेनं स्वच्छ मांडलं ते १८३७ मध्ये. मधे जवळजवळ नव्वद वर्षं गेली, आणि आपण मुलांना एक तास देतो.

म्हणून माझं म्हणणं असं की पहिले दोन तास फळ्यावर सूत्र लिहूच नका. मी काय करायचो ते सांगतो. मुलांना सांगायचो एक दिवस मोबाईलवर बघून दर दोन तासांनी सोलापूरचं तापमान वहीत लिहून आणा. एकदा एका मुलानं तक्ता आणला, ७ समोर २८, ९ समोर ३२, असं खाली खाली जात परत ७ समोर ३७. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "सर, सात दोनदा आलंय की ओ!" मी विचारलं, मग सात वाजता तापमान किती? निम्मा वर्ग २८ म्हणाला, निम्मा ३७, आणि पाच मिनिटं नुसता गोंधळ. शेवटी एक मुलगी उठून म्हणाली की सर, सकाळचे सात की संध्याकाळचे ते लिहिलं नाही म्हणून भांडण आहे, १९ लिहा ना. झालं! एका इनपुटला दोन आउटपुट आले तर ते फंक्शन नाही, आणि डोमेन आधी नीट ठरवायला लागतं, हे दोन्ही त्या पोरीनं वर्गाला शिकवलं, मी नुसता उभा होतो.

मग त्याच तक्त्याचा आलेख काढायला लावा. उभी रेघ मारली की आलेखाला एकदाच लागते, कारण एका वेळेला तापमान एकच. आडवी रेघ मारली की दोन ठिकाणी लागते, सकाळी अकराला जेवढं होतं तेवढंच संध्याकाळी परत येतं, त्यात काही चूक नाही, फक्त नुसत्या तापमानावरून वेळ सांगता येणार नाही. इन्व्हर्स फंक्शन, म्हणजे आउटपुटवरून उलट इनपुट सांगणारं, कधी मिळत नाही ते पुढे शिकवायचंय ना, त्याची तयारी इथेच होते. आणि ह्या सगळ्याला कुठलंही सूत्र नाही हे मुलांना मुद्दाम विचारून त्यांच्याच तोंडून काढून घ्या.

आता ती २ मिळवायची चूक. ती कंसामुळे होते. इतकी वर्षं कंसाचा अर्थ गुणाकार, आणि इथे अचानक तोच कंस वेगळ्या कामाला, हे कोणी सांगतच नाही. मी एक्स पुसून टाकायचो आणि फळ्यावर लिहायचो एफ( ) = ( )² + ३( ) − १. तिन्ही रिकाम्या जागी एकच वस्तू जाणार, ५ घाला नाहीतर अख्खं एक्स अधिक २ घाला. मग तपासायला एक्स १ घ्यायला लावा. कंसात ३ जातात, उत्तर येतं १७. मुलांच्या पद्धतीनं एफ ऑफ १ म्हणजे ३, त्यात २ मिळवले की ५. सतरा आणि पाच शेजारी शेजारी लिहून ठेवा, पुसू नका.

कॉम्पोझिट फंक्शनला, म्हणजे एका फंक्शनचं उत्तर दुसऱ्यात घालायचं त्याला, तर आपल्या गावात उदाहरण शोधायला जायला नको, घरोघरी चादर आहे. सूत आधी रंगवतात आणि मग मागावर चढवतात म्हणून वेलबुट्टी वेगवेगळ्या रंगात उठून दिसते. क्रम उलटा करा, पांढरं सूत विणून मग तयार चादर रंगात बुडवा, सगळी एकरंगी होणार! सूत तेच, कामं तीच दोन, माल वेगळा. मग आकड्यात दाखवा, ५ ची दुप्पट करून ३ मिळवले की १३, आधी ३ मिळवून दुप्पट केली की १६. ज्यांच्या घरी माग होते अशी मुलं ह्या तासाला स्वतःहून बोलायला लागतात, त्यांना बोलू द्या, पोर्शन थोडा मागे पडला तरी चालेल.

प्रश्न : एफ ऑफ एक्स बरोबर ५, ह्यात एक्सच नाही, मग हे फंक्शन कसं?
– अकरावीचा विद्यार्थी

उत्तर : समज, गड्ड्याच्या यात्रेत पाळण्याचं तिकीट सगळ्यांना ५० रुपये आहे. तू जा, तुझी आजी जाऊ दे, ५०च. माणूस बदलला तरी दर बदलला नाही, पण प्रत्येकाला दर आहे आणि एकच आहे, एवढंच तर व्याख्या मागते. आउटपुट सगळ्यांचं सारखं आलेलं चालतं, एकाचे दोन आलेले चालत नाहीत. आलेख काढून बघ, आडवी सरळ रेघ येईल, आता तिच्यावर कुठेही उभी पट्टी ठेव आणि किती ठिकाणी लागते ते मोज.