माळ्यावर सात वर्षं पडून असलेले कोरे टायर गाडीला लावावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१८ च्या अखेरीस भावाच्या गाडीसाठी दोन टायर घेतले, ते बसवायच्या आतच गाडी विकली गेली, आणि तेव्हापासून टायर अकोल्याच्या घरी पत्र्याखालच्या माळ्यावर आहेत. रबराचे बारीक केससुद्धा तसेच आहेत, वरचं लेबल निघालेलं नाही. माप तुमच्या गाडीला बसतं. दिवाळीत समृद्धीने मुंबईला जायचंय, तर मागच्या चाकांना हे दोन टाकले तर चालेल का?

नका टाकू. महामार्गावर तर नाहीच, आणि मागे तर मुळीच नाही. हजारो रुपयांची कोरी वस्तू वाया घालवायला जीव होत नाही, हे मला कळतं. टायरच्या दुकानात उभं आयुष्य गेलंय, हा प्रश्न घेऊन येणारी माणसं बहुतेक काटकसरी, वस्तू जपणारी असतात. म्हणून नुसतं ‘नको’ म्हणून थांबत नाही, कारण सांगतो.

रस्त्यावर टायर घासतो, ते डोळ्यांना दिसतं. पण त्यातलं रबर जुनं होणं वेगळं, त्याला गाडी चालावी लागत नाही. रबर म्हणजे लांबलचक साखळ्यांचं जाळं. हवेतला ऑक्सिजन त्यात हळूहळू शिरतो आणि त्या साखळ्यांना एकमेकींशी आणखी घट्ट बांधत जातो. रबर कडक होतं, ताण खायची ताकद कमी होते. दुसरा शत्रू ओझोन. हवेत तो अगदी थोडा असतो, पण जिथे रबर ताणलेलं असतं तिथे साखळ्या सरळ तोडतो. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, दिसणाऱ्या बारीक चिरा बहुतेक त्याच्याच. हे ओळखून कंपन्या रबरात मेण आणि ६पीपीडीसारखी रसायनं घालतात. ती आतून पृष्ठभागावर येत राहतात आणि संरक्षण देतात. जुन्या टायरवर तपकिरी झाक येते ती या रसायनांमुळेच, तिला घाबरू नका. पण टायर फिरतो, दबतो, सुटतो, तेव्हा ही द्रव्यं वर यायला मदत होते. माळ्यावर निपचित पडलेल्या टायरला ती हालचाल मिळत नाही. ‘वापरलाच नाही, म्हणजे चांगलाच असणार’ हा हिशेब इथे उलटा पडतो.

आता खरा मुद्दा, तुमचा माळा. रासायनिक क्रियांबद्दल एक ढोबळ नियम आहे: तापमान १० अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो. माझा एक नातेवाईक जर्मनीत असतो. तिकडे थंडीचे आणि उन्हाळ्याचे टायर वेगळे, त्यामुळे एक जोडी अर्धं वर्ष तळघरात ठेवायची पद्धत आहे. तळघर थंड, कोरडं, अंधारं. तिकडे नीट ठेवलेला, न वापरलेला टायर पाच वर्षांपर्यंत ‘नवा’ म्हणून विकायला हरकत मानत नाहीत. हे इंटरनेटवर वाचून आपल्याकडचे लोक म्हणतात, बघा, टायर सहज टिकतो. टिकतो, तळघरात टिकतो. अकोल्यात मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या आसपास जातो, आणि पत्र्याच्या बरोबर खालच्या माळ्यावर दुपारी त्याहूनही जास्त. उन्हाळा सोडला तरी आपल्याकडचं वर्षभराचं सरासरी तापमान त्या तळघरापेक्षा १५-२० अंशांनी जास्तच भरेल. वरचा नियम लावा. तिथली पाच वर्षं इथे दोन वर्षांत सरली असं धरलं तरी मी अतिशयोक्ती करत नाहीये.

उष्णतेचा हा परिणाम अमेरिकेत आकड्यांत दिसला आहे. तिथल्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने एका मोठ्या विमा कंपनीची माहिती घेतली. कंपनीचे २७ टक्के विमाधारक टेक्सास, कॅलिफोर्निया, लुइझियाना, फ्लोरिडा आणि ॲरिझोना या पाच उष्ण राज्यांतले होते, पण टायरसंबंधी दाव्यांपैकी ७७ टक्के याच राज्यांतून आले. आणि त्यांतले ८४ टक्के दावे सहा वर्षांपेक्षा जुन्या टायरचे होते. ॲरिझोनातल्या फिनिक्सची हवा आणि विदर्भाचा उन्हाळा यांत फार फरक नाही.

‘कंपनी तर दहा वर्षं सांगते’ असं उत्तरात कुणीतरी लिहीलच. मिशेलिन, काँटिनेंटल यांसारख्या कंपन्या उत्पादनाच्या तारखेपासून दहा वर्षांनी टायर बदला म्हणतात, हे खरं आहे. ती कमाल मर्यादा आहे. नक्षी कितीही शिल्लक असो, त्यापुढे नाही, एवढाच तिचा अर्थ. दहा वर्षं टिकेल अशी हमी ती देत नाही. शिवाय मिशेलिन असंही म्हणते की पाच वर्षं वापरात असलेला टायर पुढे दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या. फोर्डसारखे गाडीवाले सहा वर्षांवर थांबतात. तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं उत्तर ब्रिटनमधल्या रबर उत्पादकांच्या संघटनेने २००१ मध्ये दिलं होतं: न वापरलेला टायर सहा वर्षांपेक्षा जुना असेल तर तो गाडीला बसवूच नये. आणि हे ब्रिटनच्या थंड हवेत. पुढे त्याच देशाने १ फेब्रुवारी २०२१ पासून ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांवरचे टायर कायद्याने बंद केले.

तुमच्या टायरचं नेमकं वय बिलावर शोधू नका, टायरवर बघा. साइडवॉलवर ‘डीओटी’ (DOT) या इंग्रजी अक्षरांच्या पुढे अक्षरं-आकडे असतात, शेवटचे चार आकडे महत्त्वाचे. ३४१८ असेल तर २०१८ सालचा ३४ वा आठवडा, म्हणजे ऑगस्ट. कधी हे चार आकडे एकाच बाजूला असतात, म्हणून दोन्ही बाजू पाहा. तीनच आकडे दिसले तर तो २००० सालाआधीचा, त्याबद्दल बोलायलाच नको. बिल २०१८ चं असलं तरी टायर २०१७ चाही निघू शकतो.

मागच्या चाकांना का नको, हे जरा सविस्तर सांगतो, कारण ‘जुने टायर मागे टाका, स्टिअरिंग पुढे आहे’ असा सल्ला अनेक फिटर देतात. कडक झालेलं रबर सर्वांत आधी ओल्या रस्त्यावर दगा देतं. नक्षी पूर्ण खोल असते, पाणी बाहेर फेकलं जातं, पण रबर डांबराच्या बारीक खाचाखोचांत बसायला हवं तसं बसत नाही. पुढच्या चाकांची पकड सुटली तर गाडी वळायचं सोडून सरळ जाते. ड्रायव्हर ॲक्सिलरेटर सोडतो आणि बऱ्याचदा गाडी सावरते. मागच्या चाकांची सुटली तर गाडी फिरते. ते साध्या ड्रायव्हरच्या हातात राहत नाही. म्हणून दोनच टायर नवे घेतले तर ते मागे टाकायचे, असं बहुतेक टायर कंपन्या सांगतात. तुम्ही नेमकं उलटं करणार होता: दिसायला नवे पण आतून कडक झालेले दोन टायर मागे. परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळतो, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा धोका समृद्धीचा. टायर फुटतो तो बहुधा आतल्या तारेच्या पट्ट्यांमधलं रबर सुटल्याने. तिथली पकड वयाने कमी झालेली असते, वर उष्णता आली की पट्टे वेगळे होतात. शहरात तासाला ४० ने, थांबत थांबत चालताना टायर फारसा तापत नाही. सिमेंटचा रस्ता, गाडी भरलेली, तासन् तास १२० चा वेग, यात तो तापलेलाच राहतो. परिवहन विभागाने २०२३ मध्ये समृद्धीवर टायर तपासायला सुरुवात केली ती याच काळजीने. पण अशा तपासणीत गुळगुळीत टायर पटकन सापडतो, कोरा दिसणारा जुना टायर सुटून जातो.

घरच्या घरी काय तपासता येईल? चांगल्या उजेडात नक्षीच्या खाचांच्या तळाशी आणि साइडवॉलवर चिरा आहेत का बघा. साइडवॉल अंगठ्यांनी थोडी वाकवली की लपलेल्या चिरा उघडतात. माळ्यावर टायरवर पोती, पेट्या रचल्या असतील तर बीड, म्हणजे रिमवर बसणारी कड, वेडीवाकडी झालेली असते. मग ट्यूबलेस टायर हवा धरत नाही. कडकपणा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, कारच्या नव्या टायरची नक्षी त्यावर साधारण ६० ते ७० दाखवते. तुमच्या टायरवर आकडा ७५ च्या पुढे गेला तर शंका उरू नये. पण उलट बाजूने फसू नका. यातली एकही खूण नसली म्हणजे टायर चांगला, असं होत नाही. पट्ट्यांमधलं रबर बाहेरून दिसत नाही आणि दुकानातला कुठलाही माणूस, मीसुद्धा, ते हाताने ओळखू शकत नाही. म्हणून वय आणि ठेवण्याची जागा यांवर निर्णय घ्यायचा.

आता जे तुम्ही विचारलं नाही पण विचारायला हवं होतं: तुमची स्टेपनी कुठल्या सालची आहे? गाडी आठ-नऊ वर्षांची असेल आणि स्टेपनी कधी वापरली नसेल, तर ती या दोन टायरपेक्षा वाईट अवस्थेत असू शकते. मोकळ्या टायरच्या आतबाहेर साधी हवा असते. स्टेपनीत ३५ पीएसआय हवा भरलेली असते, म्हणजे आतला ऑक्सिजनचा दाब बाहेरच्या तिपटीहून जास्त. तो वर्षानुवर्षं आतल्या थरांतून पट्ट्यांपर्यंत झिरपत राहतो. डिकीतली स्टेपनी उन्हात उभ्या गाडीत शिजते. इनोव्हासारखी खाली टांगलेली असेल तर चिखल आणि रस्त्याची धग खाते. थार, बोलेरोसारखी मागच्या दारावर असेल तर ऊन. नायट्रोजनचं लोक उगाच कौतुक करतात, पण स्टेपनीसाठी त्याचा खरा उपयोग आहे, कारण ऑक्सिजन कमी होतो. सगळ्यात उत्तम म्हणजे गाडी नवी असतानाच पाचही चाकं आलटून पालटून वापरावीत (पाचवं चाक त्याच मापाचं असेल तर), म्हणजे पाचही टायर एकत्र झिजतात आणि एकत्र बदलले जातात. २०२० पासून ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचं किट आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असलेल्या गाड्यांना स्टेपनीची सक्ती राहिलेली नाही. तुमच्या गाडीला ती आहे, तर निघण्याआधी तिची तारीख आणि हवा दोन्ही बघा. जुनी निघाली तर ती फक्त जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत, सावकाश.

टायर घरात ठेवायची वेळ आलीच तर खालच्या मजल्यावरची, ऊन न येणारी खोली निवडा. धुऊन, पूर्ण वाळवून, काळ्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, चिकटपट्टीने तोंड बंद करा. रिमशिवायचा टायर फळीवर उभा ठेवा आणि महिन्यातून एकदा थोडा फिरवा. रिमवर चढवलेला असेल तर आडवा चालतो. पाण्याची मोटर, वेल्डिंग जवळ नको, ठिणगीने ओझोन तयार होतो. शेतघरात डिझेलचे कॅन आणि इंजिन ऑइल त्याच खोलीत असतात, त्यांच्यापासूनही लांब. चकचकीत करणारं पॉलिश लावून ठेवू नका. अंगणात उघडा टाकला तर पावसाचं पाणी साचून डेंग्यूचे डास होतात, ते वेगळंच. एवढं केलं तर आपल्या हवेत तीन वर्षांपर्यंतचा न वापरलेला टायर मी निर्धास्त बसवेन, चौथ्या-पाचव्या वर्षी नीट बघून गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला बसवेन, सहाच्या पुढे नाही. पण खरं सांगू का, टायर साठवूच नयेत. स्वस्त मिळाले म्हणून दोन जास्तीचे घेण्यात पैसे वाचत नाहीत.

नवे घेताना बसवण्याआधी चार आकडे स्वतः वाचा. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर छान. वर्षभराचा असला तरी काळजी नाही. दोन वर्षांच्या पुढचा दुकानदार सवलतीत देत असेल तर सवलत तुमच्या टायरच्या आयुष्यातून कापली जातेय हे लक्षात घ्या आणि दुसरा मागा. चांगला दुकानदार रागावत नाही. वॉरंटी खरेदीच्या तारखेपासून की उत्पादनाच्या, तेही कार्डवर वाचून घ्या.

राहिले ते दोन टायर. ते ‘कोरे’ म्हणून कुणाला विकू नका, नात्यातल्या गरजू माणसाला देऊ तर अजिबात नका. आपण ज्याला धोका म्हणतो तो दुसऱ्याच्या पोरांना का द्यायचा? शेतात हळू चालणाऱ्या हातगाडीला बसत असतील तर लावा. नाहीतर बीड कापून, म्हणजे पुन्हा कुणी बसवू शकणार नाही असं करून भंगारात द्या. दोन नवे टायर दिवाळीच्या पंधरा-वीस दिवस आधी घ्या. आधी शे-दोनशे किलोमीटर गावात चालवा, म्हणजे वरची गुळगुळीत झिलई निघून पकड येईल. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्या, हवा सकाळी टायर थंड असताना भरा, भरलेल्या गाडीसाठी दाराच्या कडेला लिहिलेला आकडा बघून. निघायच्या आधी चारही चाकांचे आणि स्टेपनीचे आकडे इथे लिहा. कुठला टायर कुठे टाकायचा ते मी सांगतो.