लहेजा, ढब आणि आवाज वेगळे केल्याशिवाय कृत्रिम भाषणात खरे वैविध्य येत नाही

भाषण ओळखणाऱ्या मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी आपल्याला निरनिराळ्या लहेजांतील कृत्रिम इंग्रजी भाषण हवे आहे. परंतु टेक्स्ट-टू-स्पीच (लिखित मजकूर बोलून दाखवणाऱ्या) प्रणालीला 'स्कॉटिश लहेजा, उत्साही सूर' अशी सूचना दिल्यावर आवाज तेवढा बदलतो आणि उच्चार जिथल्या तिथे राहतात, अशी आपली अडचण आहे. माझ्या मते दोष सूचनेच्या शब्दरचनेत नाही. व्यक्तीचा आवाज, तिचा लहेजा आणि बोलण्याची ढब या तीन गोष्टी प्रशिक्षणाच्या ध्वनिमुद्रणांत एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि मॉडेल त्या तशाच गुंतलेल्या अवस्थेत शिकते.

एडिंबरा विद्यापीठाच्या व्हीसीटीके या इंग्रजी ध्वनिमुद्रणांच्या संचात ११० जणांनी प्रत्येकी सुमारे ४०० वाक्ये वाचलेली आहेत. लहेजे भरपूर आहेत, पण प्रत्येक व्यक्ती आपल्या एकाच लहेजात बोलते. त्यामुळे एखाद्याचा ठसठशीत 'र' हा त्याच्या लहेजाचा भाग आहे की त्याच्या व्यक्तिगत आवाजाचा, हे ठरवायला मॉडेलकडे पुरावाच नसतो आणि दोन्ही गोष्टी स्पीकर एम्बेडिंगमध्ये, म्हणजे बोलणाऱ्याची ओळख साठवणाऱ्या आकड्यांच्या संचात, एकत्र जाऊन बसतात. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या इंग्रजीचा संच असलेल्या एल-२ आर्क्टिकची रचना या दृष्टीने अधिक उपयोगी आहे: सहा मातृभाषांचे प्रत्येकी चार, असे २४ जण त्यात एकाच वाक्यसंग्रहातून वाचतात, म्हणून चौघांत समान काय आणि एकट्याचे काय, हे काही अंशी वेगळे काढता येते.

लहेजा नेमका कुठे असतो, हे आधी पाहावे. त्याचा एक भाग उच्चारकोशात, म्हणजे प्रत्येक शब्दाचा उच्चार ध्वनिचिन्हांत देणाऱ्या यादीत, असतो. 'बाथ' या शब्दातील स्वर दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात दीर्घ असतो, उत्तरेकडे ऱ्हस्व; 'कार'मधील शेवटचा 'र' अमेरिकेत सहसा ऐकू येतो, दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात येत नाही. आपली प्रणाली मजकुराचे ध्वनिचिन्हांत रूपांतर करण्यासाठी सीएमयूसारखा (कार्नेगी मेलन विद्यापीठाचा) अमेरिकन उच्चारकोश वापरत असेल, तर पुढे आवाज कितीही स्कॉटिश निवडला तरी मॉडेलच्या हाती अमेरिकन उच्चारच पडतात. प्रत्येक लहेजासाठी वेगळा उच्चारकोश, किंवा निदान नियमांचा वेगळा संच, हा माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. सुरुवात तिथूनच करावी.

दुसरा भाग मात्र कोशात मावत नाही. 'पिन'मधील पहिला ध्वनी ब्रिटिश वा अमेरिकन बोलण्यात श्वास सोडत उच्चारला जातो, भारतीय इंग्रजीत बहुधा तसा नाही. ध्वनिचिन्ह दोन्हीकडे एकच. हा फरक ध्वनिमुद्रणांतूनच शिकवावा लागतो. त्यासाठी लहेजाचे लेबल स्वतंत्र द्यावे आणि स्पीकर एम्बेडिंगमधून लहेजा ओळखता येऊ नये, असे विरोधी प्रशिक्षण द्यावे, म्हणजे लहेजा ओळखू पाहणाऱ्या दुसऱ्या मॉडेलला चकवायला शिकवावे. तिसरा भाग लयीचा. 'बनाना'चा पहिला स्वर कोणी जवळजवळ गिळून टाकतो, तर कोणी प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारतो. फास्टस्पीच २ (२०२०) सारख्या टेक्स्ट-टू-स्पीच मॉडेलच्या रचनेत ध्वनींचा कालावधी, स्वराची उंची आणि ऊर्जा यांचे अंदाज वेगवेगळे मिळतात, त्यामुळे लय बिघडली तर ती नेमकी कुठे, हे तपासता येते.

ढबीबाबत थोडक्यात सांगतो. व्हॅल-ई (२०२३) सारखी आवाजाची नक्कल करणारी मॉडेल्स अवघ्या ३ सेकंदांच्या ध्वनिमुद्रित नमुन्यावर चालतात, पण त्या नमुन्यातून आवाज, भाव आणि खोलीचा घुमारा असे सगळेच उचलले जाते. म्हणून नमुने फार काळजीपूर्वक निवडावे लागतात. गोंगाटात मोठ्याने बोलणारा माणूस केवळ आवाज वाढवत नाही, त्याचा सूर चढतो आणि स्वर लांबतात; साध्या ध्वनीची पातळी वाढवून तो परिणाम साधत नाही. संभाषणाची ढब हवी असेल, तर अडखळणे आणि अर्धवट सोडलेली वाक्ये मजकुरातच असली पाहिजेत. लेखी वाक्ये कोणत्याही सूचनेने बोलकी होत नाहीत.

यानंतर ज्या टप्प्यावर बरीच मेहनत वाया जाते, तो म्हणजे गाळणी. तयार झालेले भाषण एखाद्या ओळख-मॉडेलला ऐकवून, जास्त चुका आलेली वाक्ये टाकून देण्याची पद्धत रूढ आहे. पण ते मॉडेल ज्या लहेजात कच्चे आहे, त्याच लहेजाची उत्तम वाक्ये या गाळणीत पडतात आणि मागे उरतो तो मवाळ, जवळजवळ प्रमाण उच्चार. ही गाळणी फक्त सुटलेले शब्द, पुनरुक्ती आणि अर्ध्यावर तुटलेली वाक्ये पकडण्यासाठी ठेवावी, आणि चुकांची मर्यादा प्रत्येक लहेजासाठी वेगळी ठरवावी. लहेजाचा निवाडा तो लहेजा घरी बोलणाऱ्या श्रोत्यांकडूनच घ्यावा. 'भाषण नैसर्गिक वाटते का' आणि 'हा माणूस आमच्याकडचा वाटतो का' हे दोन प्रश्न त्यांना स्वतंत्रपणे विचारावेत, कारण सफाईदार पण परका उच्चार पहिल्या प्रश्नात सहज भरपूर गुण मिळवून जातो.

अखेरची चाचणी खऱ्या माणसांच्या ध्वनिमुद्रणांवर घ्यावी. त्यांतील एकाही व्यक्तीचा आवाज कृत्रिम भाषणासाठी वापरलेला नसावा, आणि चुकांचे प्रमाण सरासरीत न मिसळता प्रत्येक लहेजाचे वेगळे नोंदवावे.