वाचक विचारतात : हॅम्लेजमधून न रडता बाहेर कसं पडायचं?

प्रश्न : ताई, ऑक्टोबरच्या सुट्टीत आम्ही आठ दिवस लंडनला जातोय. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाचची, सोबत सासूबाई. मुलाच्या मित्राने हॅम्लेज या तिथल्या खेळण्यांच्या भल्यामोठ्या दुकानाचं इतकं वर्णन केलंय की त्याला बकिंगहॅम राजवाड्याशी काही देणंघेणं उरलेलं नाही. यजमान म्हणतात, "नुसतं बघून यायचं, घ्यायचं काही नाही." मला तर आत्ताच घाम फुटलाय. जावं की टाळावं?

उत्तर : जा. पण "घ्यायचं काही नाही" हे यजमानांना आधी मागे घ्यायला लावा. हलवायाच्या दुकानात नेऊन मुलांना उपास धरायला सांगण्यासारखं आहे ते. माझ्या भाच्यावर मी हाच प्रयोग केला होता. त्याने दुकानाबाहेर, रीजंट स्ट्रीटच्या फुटपाथवर बैठा सत्याग्रह केला आणि शेवटी मीच आत जाऊन, त्याला नको असलेलं आणि दुप्पट महाग काहीतरी घेऊन आले. चूक सर्वस्वी माझी.

त्यानंतरच्या खेपेला मी शहाणी झाले. भाचा-भाची दोघांच्या हातात आदल्या रात्रीच नोटा दिल्या. खरे पौंड, माझ्या कार्डावरचे नव्हेत. किती ते तुम्ही ठरवा, पण एकदा दिले की त्यात वाढ नाही. कार्ड टेकवून "टिंग" वाजलं की पाच वर्षांच्या मुलीला पैसे गेल्याचं कळतच नाही. हातातली नोट मात्र सोडवत नाही. माझ्या भाचीने एक ससा तीनदा उचलला, तीनदा ठेवला. सगळ्या दुकानात तेवढा वेळ कुणी हिशेब करत नसेल.

दुसरं, तळमजल्यावर अडकू नका. दाराशीच साबणाचे फुगे उडत असतात आणि आत पाऊल टाकलं की मऊ अस्वलांची फौज. मुलं तिथेच विरघळतात, आणि वर अजून मजलेच्या मजले शिल्लक असतात. एकूण सात. लिफ्टने थेट वर जा आणि सरकत्या जिन्याने बघत बघत खाली या. खरेदी उतरताना, अगदी शेवटी. "आवडलं ते लक्षात ठेव, खाली जाताना सांग" एवढं बोललं की निम्म्या वस्तू दोन मजल्यांत विसरल्या जातात.

खरी मजा खरेदीत नाहीच, खेळणी चालवून दाखवणाऱ्या मंडळींत आहे. तरुण मुलंमुली असतात. विमान भिरकावतात ते तुमच्या डोक्यावरून वळून त्यांच्याच हातात येतं, पत्ते गायब करतात. पोरांना त्यांच्याभोवती हवं तितकं रेंगाळू द्या, फुकट आहे. फक्त एक सांगून ठेवा : त्या दादाचा हात दिवसभर त्याच विमानावर बसलेला असतो, आपलं घरी पहिल्याच फेकीत कपाटामागे जाणार.

आता यजमानांसाठी थोडा मसाला, म्हणजे तेही कंटाळणार नाहीत. विल्यम हॅम्ली नावाच्या माणसाने 1760 साली हाय होबर्न भागात हे दुकान काढलं तेव्हा त्याचं नाव होतं 'नोआज आर्क'. रीजंट स्ट्रीटवर ते 1881 मध्ये आलं. दुसऱ्या महायुद्धात त्यावर पाच वेळा बॉम्ब पडले, तरी लोखंडी टोप घालून कर्मचारी दारात उभे राहून खेळणी विकत होते. आणि 2019 पासून हे सगळं रिलायन्सच्या मालकीचं आहे! म्हणूनच माझं ठाम मत : जे आपल्याकडच्या मॉलमधल्या हॅम्लेजमध्ये मिळतं ते बॅगेत कोंबून आणू नका. लाल कोटवाला पहारेकरी अस्वल, दुमजली बस असलं लंडनचंच काही घ्या. चार्ज करायच्या बॅटरीचं काही घेतलंत तर प्लग तपासा. तिकडच्या चौकोनी तीन पायांचा प्लग आपल्या भिंतीत बसत नाही. खेळण्यातली बंदूक हँडबॅगेत ठेवू नका, विमानतळावर काढून घेतील आणि रडारड तिथे होईल.

पूर्वी पर्यटकांना व्हॅट, म्हणजे खरेदीवरचा कर, परत मिळायचा. ती सोय 1 जानेवारी 2021 पासून बंद आहे. कुणी जुना माहीतगार "पावती जप, विमानतळावर पैसे मिळतात" म्हणाला तर मान डोलवा आणि विसरा.

वार निवडताना रविवार टाळा. इंग्लंडात मोठ्या दुकानांना रविवारी सहाच तास विक्रीची मुभा आहे, त्यामुळे सगळी गर्दी त्यातच. शनिवार दुपार तर मुळीच नको. आठवड्यातला मधला दिवस, दुकान उघडता उघडता.

सासूबाईंबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला त्यांचीच जास्त काळजी वाटते. ऑक्सफर्ड सर्कस स्टेशन सगळ्यांत जवळचं, पण तिथे रस्त्यापर्यंत लिफ्ट नाही आणि गर्दी अशी की गुडघे दुखणाऱ्याने जाऊच नये. त्यांना घेऊन बसने या. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, कार्ड लागतं; तुमच्या दोन्ही मुलांना तिकीट नाही. दुकान बघून झालं की मागच्या बाजूने कार्नबी स्ट्रीट ओलांडून गोल्डन स्क्वेअरला जा. छोटासा चौक, बाकं आहेत. सासूबाईंना टेकू द्या, मुलांना पुडकी तिथेच फोडू द्या. हॉटेलवर पोहोचेपर्यंत थांबा म्हणण्यात अर्थ नाही, बसमध्ये फोडतीलच.

आणि दुकानात शिरण्याआधी दोघांच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला. भाचा मला चौथ्या मजल्यावर बारा मिनिटं सापडत नव्हता. तो हरवलाच नव्हता म्हणे, आगगाडी बघत होता.