आधी तो रजेचा अर्ज

पोरी,

रविवारी तू येऊन गेलीस. चहा गार केलास, कडक भाकरी नि शेंगाचटणीला हातही लावला नाहीस. तुझ्या परीक्षा विभागातल्या कंत्राटी ऑपरेटर बाईंना लेकीच्या बाळंतपणासाठी पंधरा दिवस हवेत, निकाल तोंडावर आलेत, आणि ते सॉफ्टवेअर त्यांच्याशिवाय कुणाला येत नाही. वर जाता जाता विचारलंस, स्टाफचं मनोबल कसं वाढवू? व्याख्यान ठेवू नकोस. रजा दे.

मी ज्या विद्यापीठात नोकरी केली ते सोलापूरपासून लांब, नाव इथं नको. तिथं माझ्या हाताखाली आपल्या गावचाच एक लिपिक होता. घरात नंदीध्वजाची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत मिरवायच्या उंच काठीची सेवा. दर जानेवारीत गड्ड्याला, त्याच जत्रेला, जायचं म्हणून चार दिवस मागायचा. हिवाळी परीक्षेचे निकाल नेमके तेव्हाच, आणि मी दर वर्षी हिरव्या शाईनं लिहायचो, 'निकाल कामकाजास्तव नामंजूर'. एकदा म्हणाला, "साहेब, काठी धरणाराच्या मागंसुद्धा दुसरा उभा असतो." मी हसलो. सहाव्या वर्षी त्यानं अर्जच दिला नाही. मला वाटलं, शहाणा झाला.

मार्चमध्ये तो बदली मागून दुसऱ्या विभागात गेला. जाताना राखून ठेवलेल्या निकालांची वही देऊन गेला. लांबट, खाकी पुठ्ठ्याची. नावांपुढे लाल टिंबं, आडव्या रेघा, कुठं नुसतं 'पा'. 'पा' म्हणजे पात्रता प्रमाणपत्र बाकी, एवढं कळायला आम्हाला दोन दिवस लागले. टिंबांचा अर्थ विचारायला त्याच्याकडे गेलो तर त्याचा नवा साहेब म्हणाला, तो रजेवर आहे.

मी शिकत होतो तेव्हा सोलापूरची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. आपल्या जिल्ह्याचं वेगळं विद्यापीठ २००४ मध्ये झालं. कागदासाठी कोल्हापूरची एसटी धरायची म्हणजे अख्खा दिवस मोडायचा, त्यामुळं खिडकीवरचं 'पुढच्या आठवड्यात या' किती लांबचं असतं ते मला पुरतं ठाऊक होतं. तरी त्या उन्हाळ्यात माझ्या खिडकीवर तीन आठवडे तेच चाललं.

मी तरी काय करणार होतो? कायदा सांगतो, शेवटच्या पेपरनंतर ३० दिवसांत निकाल लावा, फार तर ४५. आकृतिबंधातली, म्हणजे मंजूर असलेली, निम्मी पदं रिकामी. वरून रोज फोन. माझ्या जागी कुणीही असता तर त्यानं तेच केलं असतं... हे मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो, आता तुलाही सांगून बसलो. सोड.

कळलं ते उशिरा कळलं. रजा नामंजूर केली की काम होतं, आणि काम झालं की रिकामं पद झाकलं जातं. वरच्यांना दिसतं काय? परीक्षा विभाग सुरळीत. मग ते पद कशाला भरतील? पाच वर्षं मी एका माणसाची रजा कापून सरकारची भरती वाचवली. म्हणून म्हणतो, रजा दे.

आस्थापना विभाग सांगेल की कंत्राटीला अशी रजा नसते. त्यांना विचार, अकरा महिन्यांची ऑर्डर संपल्यावर मध्ये एक दिवसाचा खंड देता तेव्हा काम अडत नाही? नियमानं बिनपगारीच बसत असेल तर बिनपगारी दे, पण दे. शिक्षकांच्या बाबतीत यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१८ च्या विनियमांत कंत्राटी नेमणुकांना १० टक्क्यांची मर्यादा तरी घातली होती. पाळली किती जणांनी, हा वेगळा विषय, आणि त्यावर मी सुरू झालो तर हे पत्र संपायचं नाही.

उद्यापासून त्यांच्या शेजारी एक माणूस बसव. माऊस त्यानं धरायचा, बाईंनी फक्त तोंडानं सांगायचं. त्यांना राहवणार नाही, हात पुढं येईल. तिथं तू उभी राहा. खाणाखुणांची वही असेलच, ती त्यांच्यासमोर बसून पानोपान साध्या मराठीत उतरवून घे. आणि पंधरा दिवसांत एकही फोन करायचा नाही. 'फक्त एकच विचारायचं होतं' हा फोनसुद्धा नाही. बाळंतिणीच्या खोलीत तो वाजलेला कसा वाटतो, हे माझ्या बायकोला विचार.

निकाल चार दिवस लांबला तर तुझ्या सहीनं टिपणी वर पाठव: या कामासाठी एकच प्रशिक्षित व्यक्ती आहे, तीही कंत्राटी. बोलणी बसतील. मी त्या बोलण्यांना घाबरलो, एवढाच माझ्यात आणि तुझ्यात फरक पडावा.

निवृत्तीच्या दिवशी माझी ३०० दिवसांची अर्जित रजा शिल्लक होती. निरोपाच्या भाषणात छाती काढून तो आकडा सांगितला आणि टाळ्या पडल्या. समोर दुसऱ्या रांगेत तो लिपिक बसला होता. त्यानंही वाजवल्या.

अर्जावर सही झाली की फोन कर. त्याआधी नको.

तुझा,
काका