आडरस्ता आणि सायकल : तुमचे प्रश्न

प्रश्न : ताई, माझं वय 56. आमच्या ग्रुपमधली मंडळी सुट्टीत रोज 80 ते 100 किलोमीटर सायकल चालवतात. मला 40 नंतर दम लागतो आणि उरलेला दिवस मी नुसता रेटत काढते. सराव वाढवू की हा नाद सोडू?

उत्तर : दोन्ही नको. अंतर कमी करा.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण माझी पहिली सहल अशीच वाया गेली होती. 31 वर्षं झाली त्याला. पाच दिवस, रोज 90 किलोमीटर, असा तक्ता मी स्वतःच आखला होता. तिसऱ्या दिवशी मुक्कामी पोचले तेव्हा अंधार पडला होता. ज्यांच्या घरी उतरले त्या बाईंनी विचारलं, "वाटेत मोठा तलाव लागला असेल ना?" लागला असणारच, नकाशात होता. मला आठवत होतं ते फक्त पुढच्या सायकलचं मागचं चाक. रात्री जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी तक्ता फाडला आणि 30 किलोमीटरवर थांबले. त्या दिवशीची पडकी गिरणी, बांधावर एका पायावर उभा असलेला बगळा आणि शेळ्यांमागे धावणारी मुलगी मला आजही दिसते. आदल्या तीन दिवसांतलं काहीच दिसत नाही.

तुम्ही कमकुवत आहात म्हणून दमत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनाने. ताशी 15 ऐवजी 25 किलोमीटरने गेलात, तर नुसती हवा कापायला साडेचारपटीहून जास्त ताकद लागते. ग्रुपबरोबर राहण्यासाठी "थोडा जोर" लावतोय असं वाटतं, पण शरीराची शिल्लक भराभरा संपत असते.

फ्रान्समध्ये पॉल द व्हिवी (1853-1930) नावाचे गृहस्थ होऊन गेले. 'वेलोसिओ' या टोपणनावाने ते सायकलवर लिहायचे. त्यांनी सहलीला निघणाऱ्यांसाठी काही नियम घालून दिले होते. भूक लागण्याआधी खावं, तहान लागण्याआधी प्यावं. भूक आणि झोप उडेल इतकं कधी दमू नये. आणि मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो नियम म्हणजे केवळ मानापोटी पॅडल मारू नये. हा माणूस स्वतः दिवसरात्र सायकल चालवणारा होता, त्यामुळे हा सल्ला आळसातून आलेला नाही.

माझी कसोटी साधी आहे. शेजारच्याशी न धापता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. तुम्हाला 40 ला दम लागतो, तर 30 ठरवा. थांबे धरून ताशी दहा किलोमीटर पडले तरी तीन तासांत झालं. परत त्याच ठिकाणी यायचं असेल तर सकाळी वारा तोंडावर घेऊन निघा, म्हणजे दमल्यावर तो पाठीशी असेल. आणि ग्रुपला मुक्कामी भेटा. ते तिकडून येतील, तुम्ही इकडून जा. मैत्रीला एकाच रस्त्याने जावं लागत नाही.

प्रश्न : शांत रस्ते शोधायचे कसे? मोबाइल आम्हाला फिरवून फिरवून मोठ्या रस्त्यावरच आणून सोडतो.

उत्तर : मोबाइलला तुम्हाला लवकर पोचवायचं असतं. तुम्हाला लवकर पोचायचंच नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी अर्धा तास नकाशा घेऊन बसा. हा अर्धा तास मला खुद्द सहलीइतकाच आवडतो.

मी आधी मोठा रस्ता शोधते. दोन गावांमध्ये रुंद नवा रस्ता झाला असेल, तर तो सगळी वाहनं ओढून घेतो आणि शेजारचा जुना वळणावळणाचा रस्ता मोकळा पडतो. तो आपला. याउलट दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारी एकच बारीक रेघ दिसली, तर सावध व्हा. नकाशात ती कितीही गोजिरी दिसली तरी आसपासची प्रत्येक घाईतली गाडी तिथूनच जाते. मग उपग्रहाचं चित्र लावून पाहते. रस्त्याच्या टोकाला पांढरट खड्डा दिसला की ती दगडाची खाण, म्हणजे दिवसभर ट्रक आणि वळणावळणावर सांडलेली खडी. ती वाट मी सोडते.

पुढचा प्रश्न चढाचा. ओढ्याच्या कडेने जाणारा रस्ता बहुधा हळूहळू चढतो. ओढे आडवे कापत जाणारा रस्ता मात्र प्रत्येक ओढ्यापाशी उतरतो आणि पुन्हा चढतो. अंतर तेवढंच, पण गुडघ्यांना दुप्पट वाटतं. नकाशावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, जिथे दाटीने असतात तिथे चढ तीव्र. एवढं वाचता आलं की सकाळच्या ताज्या पायांना चढ आणि दुपारसाठी नदीकाठ अशी वाटणी करता येते.

चुकण्याची भीती अनेकांनी लिहिली आहे. बेल्जियममधल्या लिम्बर्ग प्रांतात 1995 मध्ये सायकलवाटांच्या प्रत्येक फाट्याला क्रमांक दिले गेले. कल्पना ह्युगो बोलेन या खाण अभियंत्याची. सायकलस्वाराने फक्त आकडे टिपून न्यायचे आणि एका आकड्यावरून पुढच्याकडे जायचं. पुढे ही पद्धत नेदरलँड्सभर पसरली. आपल्या वाटेवर अशा पाट्या नसतील तर यादी आपण करावी. मी चिठ्ठीवर फाट्यांची खूण आणि दिशा लिहिते : "पूल, डावी. दोन चिंचा, सरळ. टाकी, उजवी." चिठ्ठी हँडलला लावते आणि मोबाइल पिशवीत राहतो. प्रत्येक फाट्यावर क्षणभर मागे वळून बघते, कारण परतताना तीच जागा वेगळी दिसते. तरीही चुकलात तर भेटेल त्याला विचारा. मात्र "हा रस्ता तिकडेच जातो ना?" असं विचारू नका, समोरचा भिडेखातर हो म्हणतो. "तिकडे कुठल्या रस्त्याने जाऊ?" असं विचारा.

प्रश्न : माझी सायकल बारा वर्षं जुनी आहे. सहलीसाठी नवी घ्यावी का?

उत्तर : चौकट सरळ असेल, चाकं डुगडुगत नसतील आणि ब्रेक लागत असतील, तर आहे तीच चांगली. खर्च करायचाच तर टायरवर करा. चौकटीत बसत असतील तर 35 ते 40 मिलिमीटर रुंदीचे घ्या आणि हवा दगडासारखी टणक भरू नका. खडबडीत रस्त्यावर थोडं मऊ टायर हादरा स्वतः पितं, मनगटापर्यंत येऊ देत नाही. चढाची वाट असेल तर सर्वांत हलक्या गिअरमध्ये पुढच्या आणि मागच्या चक्राचे दाते जवळजवळ सारखे असावेत. सामान पाठीवर घेऊ नका. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवा आणि जड वस्तू तळाशी ठेवा. जादा ट्यूब, टायर काढायचे चमचे, पंप. आणि पंक्चर काढायला घरी शिका, पावसात नव्हे.

प्रश्न : मी एकटी फिरते. वाहनांपेक्षा कुत्र्यांची भीती वाटते. जोरात पळवावं का?

उत्तर : नाही. पळणाऱ्याचा पाठलाग करणं हा कुत्र्याचा स्वभावच आहे, आणि चढावर तर तुम्ही त्याच्या पुढे राहूच शकत नाही. वेग कमी करा. अंगावर येत असेल तर उतरा आणि सायकल दोघांच्या मध्ये धरून चालत राहा. डोळ्यांत रोखून बघू नका, पाठही फिरवू नका. ठाम, खालच्या आवाजात "जा" म्हणा. माझ्या अनुभवात त्याची हद्द संपली की तो बहुतेकदा थांबतो. चालणारा माणूस त्याला ओळखीचा असतो, फिरणारी चाकं नसतात.

चावला किंवा ओरखडा उठला, तर तिथेच जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लशीसाठी डॉक्टरांकडे जा. सहल तिथे संपली असं समजा. यात "बघू उद्या" चालत नाही, कारण रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर जीव वाचणं जवळजवळ अशक्य असतं. माझ्या पिशवीत साबणाची वडी कायम असते.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको. हे पुढे निघून जातात, मग कुठेतरी थांबून माझी वाट बघतात. मी पोचले की लगेच "चला". मला सहल नकोशी झाली आहे.

उत्तर : हे पत्र त्यांना वाचायला द्या.

भाऊ, तुम्ही दहा मिनिटं सावलीत बसता, पाणी पिता, ताजेतवाने होता. त्या धापा टाकत येतात आणि तुम्ही उठता. दिवसभरात जो आधीच कमी दमलाय त्यालाच सगळी विश्रांती मिळते. आमच्या घरी हे उलट होतं. मी पुढे जायची आणि यांचा गुडघा दुखायचा. तीन सहली मला ते कळलंही नाही, कारण ते कधी बोलले नाहीत. चौथ्या सहलीत एका मैलाच्या दगडापाशी ते आले, सायकल आडवी टाकली आणि शांतपणे म्हणाले, "तू हो पुढे, मी इथेच बसतो." तेव्हापासून ते पुढे आणि मी मागे. वेग त्यांचा. जड पिशव्या माझ्या कॅरिअरवर आल्या. थांबा कधी संपला हे शेवटी आलेल्याने ठरवायचं.

ते जाईपर्यंत अकरा वर्षं आम्ही तसेच फिरलो. उजवीकडे काही बघण्यासारखं असलं की ते घंटी एकदा वाजवायचे, डावीकडे असलं की दोनदा.